इस्लामच्या वतीने कोण बोलणार?

१८८२ साली लंडनमध्ये विल्फ्रिड ब्लंट या इंग्रज कवीचे 'द फ्यूचर ऑफ इस्लाम' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ब्लंट काही वर्षे राजनैतिक सेवेत होता, अरबी घोड्यांचा षौकीन होता आणि अरबस्तानात हिंडलेला होता. त्याचे भाकीत असे होते : उस्मानी तुर्कांचे साम्राज्य मोडणार, खिलाफत अरबांकडे येऊन मक्केत स्थिरावणार आणि इस्लामची सुधारणा तिथून सुरू होणार. हिंदुस्थानातली मुसलमान प्रजा एवढी मोठी, तेव्हा या सगळ्याचे पालकत्व इंग्लंडने घ्यावे, असा सल्लाही त्याने देऊन ठेवला होता.

साम्राज्य मोडले. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने खिलाफत बरखास्त केली, तेव्हा मक्केच्या शरीफ हुसेनने स्वतःला खलिफा म्हणवूनही घेतले. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इब्न सौदच्या फौजा मक्केत शिरल्या. १९३८ मध्ये सौदी राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर तेल सापडले आणि पुढे त्या तेलाच्या पैशावर धर्माची जी कडवी आवृत्ती जगभर पोहोचली, ती ब्लंटच्या अपेक्षेच्या नेमकी उलट होती. त्याचे निम्मे भाकीत खरे ठरले. जे निम्मे चुकले त्याने मात्र पुढचे शतक घडवले.

भाकितांचा हा धंदा तेव्हापासून थांबलेला नाही. १९९२ मध्ये ऑलिव्हिए रॉय या फ्रेंच अभ्यासकाने राजकीय इस्लाम अपयशी ठरल्याचे लिहिले. पुढच्याच वर्षी सॅम्युएल हंटिंग्टनने संस्कृतींच्या संघर्षाचा सिद्धांत मांडला. ११ सप्टेंबर २००१ नंतर हंटिंग्टन द्रष्टा ठरला, २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात लोक लोकशाही मागू लागले तेव्हा रॉयची आठवण झाली, आणि २०१४ मध्ये इराकमधले मोसूल 'इस्लामिक स्टेट'च्या हाती पडताच पुन्हा हंटिंग्टनची पुस्तके कपाटातून बाहेर आली. घटना बदलली की द्रष्टा बदलतो, असा हा प्रकार आहे.

या सगळ्या भाकितांमध्ये एक गृहीतक समान आहे. इस्लाम हे एकजिनसी काहीतरी आहे आणि ते एकतर जगाला गिळणार किंवा युरोपातल्या ख्रिस्ती धर्मासारखे हळूहळू ओसरणार, असे ही भाकिते धरून चालतात. गेल्या शतकाचा इतिहास नीट पाहिला तर खरा झगडा वेगळ्याच ठिकाणी दिसतो. तो मुसलमानांच्या आपसातला आहे : इस्लामच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या अधिकाराला 'नाही' म्हणणाऱ्या मुसलमानाचे काय होते? संख्या, सत्ता, सुधारणा आणि जगातले स्थान हे चारही प्रश्न फिरून याच प्रश्नापाशी येतात.

आकडे आणि त्यांच्या मर्यादा

आधी संख्या पाहू, कारण भीती आणि अभिमान दोन्ही तिच्यावरच पोसले जातात. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगात सुमारे २०० कोटी मुसलमान होते, म्हणजे लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाहून किंचित जास्त. २०१० ते २०२० या दशकात त्यांची संख्या सुमारे ३५ कोटींनी वाढली. याच संस्थेने २०१५ मध्ये केलेल्या अंदाजानुसार २०५०पर्यंत मुसलमान जगाच्या जवळजवळ ३० टक्के होतील आणि ख्रिस्ती लोकसंख्येच्या अगदी जवळ पोहोचतील. या वाढीत धर्मांतराचा वाटा नगण्य आहे. मुसलमान समाज तरुण आहे आणि त्यात मुले जास्त जन्मतात, एवढेच तिचे कारण.

पण हे कारणही झपाट्याने बदलते आहे. इराणमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बाईमागे सहाहून अधिक मुले होती. इराकशी चाललेले युद्ध संपल्यावर १९८९पासून आयातुल्लांच्याच राजवटीने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि वीसेक वर्षांत हा दर दोनच्या खाली आला. धर्मगुरूंच्या राज्यात एवढ्या वेगाने जननदर घसरेल असे कोणी म्हटले असते तर लोक त्याला हसले असते. बांगलादेशात १९७०च्या दशकात तो सातच्या जवळ होता; आज दोनच्या थोडा वर आहे. तुर्कस्तानात २०२३ मध्ये तो १.५१ होता, म्हणजे युरोपातल्या कित्येक देशांच्या पंक्तीत. भारतात १९९२-९३च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुसलमान स्त्रीमागे ४.४ मुले होती, २०१९-२१च्या पाचव्या पाहणीत २.३६. हिंदूंचा आकडा याच पाहणीत १.९४ होता; दोहोंतले अंतर कमी होत आले आहे. युसूफ कुर्बाज आणि एमॅन्युएल टॉड या फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञांनी २००७ मध्येच दाखवून दिले होते की मुली शिकल्या की जननदर उतरतो, मग धर्म कुठलाही असो.

वाढीचा खरा अर्थ भूगोलात आहे. अरबी ही धर्माची भाषा असली तरी जगातल्या मुसलमानांपैकी अरब जेमतेम पाचवा हिस्सा आहेत. आज बहुसंख्य मुसलमान आशियात राहतात. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेचा वाटा २०१०मध्ये सुमारे १५ टक्के होता, तो २०५०पर्यंत २४ टक्क्यांवर जाईल असा अंदाज आहे. नायजरसारख्या देशात आजही बाईमागे सहा मुले आहेत. आणि २०५०मध्ये सर्वाधिक मुसलमान ज्या देशात असतील तो देश इंडोनेशिया नसून भारत असेल, सुमारे ३१ कोटींचा. म्हणजे या धर्माचे भवितव्य कैरो-रियाधपेक्षा नायजेरियातले कानो, ढाका, जकार्ता आणि लखनौ इथे अधिक घडणार आहे. टीव्हीवरच्या चर्चा मात्र अजून वाळवंट आणि उंट यांच्या पुढे सरकायला तयार नाहीत.

राज्याचा ध्यास

विसाव्या शतकात इस्लामच्या वतीने सर्वांत मोठ्याने कोण बोलले असेल तर राजकीय इस्लामवाले. खिलाफत गेल्याची पोकळी हे त्यांचे उगमस्थान. ती वाचवण्यासाठी सर्वांत मोठे आंदोलन झाले ते भारतात. त्याची मध्यवर्ती समिती मुंबईत होती आणि गांधीजी त्यात उतरले होते. ज्या तुर्कांसाठी हे चालले होते त्यांनीच खिलाफत मोडून टाकली. १९२५ मध्ये कैरोच्या अल-अझहर या धर्मपीठाचे विद्वान अली अब्दुर्राझिक यांनी पुस्तक लिहून सांगितले की इस्लामने कुठलीही विशिष्ट राज्यपद्धती घालून दिलेली नाही, खिलाफत ही माणसांनी उभी केलेली व्यवस्था होती. अल-अझहरने त्यांची विद्वानाची सनद काढून घेतली. तीनच वर्षांनी इस्माइलिया गावी हसन अल-बन्ना या शाळामास्तराने मुस्लिम ब्रदरहूड स्थापन केली. पुढची नव्वद वर्षे गाजली ती मास्तराच्या संघटनेने. अब्दुर्राझिक यांचा मुद्दा ग्रंथालयात पडून राहिला.

१९७९ हे या प्रवाहाचे शिखर. फेब्रुवारीत इराणमध्ये खोमेनींची क्रांती यशस्वी झाली. नोव्हेंबरात जुहैमान अल-ओतैबीच्या सशस्त्र टोळीने मक्केची मोठी मशीद ताब्यात घेतली. ती सोडवल्यावर घाबरलेल्या सौदी राजघराण्याने कट्टर उलेमांना आणखी मोकळे रान दिले. डिसेंबरात सोव्हिएत रणगाडे अफगाणिस्तानात घुसले आणि जिहादला अमेरिकी शस्त्रे व सौदी पैसा मिळू लागला. पुढच्या चाळीस वर्षांचे बरेच काही या एका वर्षातून निघाले.

या ध्यासाचे फलित काय? इजिप्तमध्ये २०१२ साली ब्रदरहूडचे मोहम्मद मोर्सी निवडून आले. वर्षभरात त्यांनी एवढ्या लोकांना दुखावले की जुलै २०१३ मध्ये लष्कराने त्यांना हटवले, तेव्हा कैरोच्या रस्त्यांवर जल्लोष झाला. पण लगेच ऑगस्टमध्ये राबा चौकात त्यांच्या शेकडो समर्थकांना ठार मारण्यात आले. मतपेटीतून आलेल्यांना बंदुकीने घालवले की पुढच्या पिढीने मतपेटीवर विश्वास का ठेवावा, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. ट्युनिशियात रशीद घनुशी यांच्या एन्नहदा पक्षाने अधिक शहाणपण दाखवले. २०१४ची राज्यघटना तडजोडीतून झाली आणि २०१६ मध्ये पक्षाने धर्मप्रचार आणि राजकारण अधिकृतपणे वेगळे केले. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसदच गोठवली आणि २०२३ मध्ये घनुशी तुरुंगात गेले.

इराणमध्ये अपयशाचा प्रकार निराळा. तिथे धर्मगुरूंना सत्ता मिळाली आणि सत्तेने धर्माची पत खाल्ली. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाब नीट नसल्याच्या आरोपावरून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली आणि देशभर बायका डोक्यावरचे रुमाल जाळू लागल्या. जून २०२४ मधल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत मतदान ४० टक्क्यांच्या आसपास राहिले. प्रजासत्ताकाच्या इतिहासात एवढे कमी कधी झाले नव्हते. 'इस्लामिक स्टेट'च्या अबू बक्र अल-बगदादीने २०१४ मध्ये मोसूलमध्ये जाहीर केलेली खिलाफत मार्च २०१९ पर्यंत सीरियातल्या बागुझ गावापुरती उरली आणि तिथेच संपली. तिच्या बळींमध्ये मुसलमानच सर्वाधिक होते.

असेफ बयात या इराणी समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्येच 'इस्लामवादोत्तर' अवस्थेबद्दल लिहिले होते : श्रद्धा राहील, पण राज्याने ती लादावी ही मागणी ओसरेल. त्याचे म्हणणे बरेच खरे ठरते आहे. अरब देशांतल्या पाहण्याही सरळ रेषा दाखवत नाहीत. अरब बॅरोमीटरच्या पाहणीत स्वतःला 'धार्मिक नाही' म्हणणारे २०१३ मध्ये ८ टक्के होते, २०१८-१९ मध्ये १३ टक्के झाले. नंतरच्या फेरीत अनेक देशांतली तरुण मुले पुन्हा धर्माकडे वळलेली दिसली. लोक धर्म सोडत नाहीत, धर्माच्या नावाने हुकूम सोडणाऱ्यांना मात्र कंटाळतात, असे यातून दिसते. राजकीय इस्लामच्या या ओहोटीला मोठा अपवाद अफगाणिस्तान. ऑगस्ट २०२१ मध्ये परतलेल्या तालिबानने मुलींना सहावीनंतर शाळा बंद केली, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही. तेव्हा अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी हे शरियतच्याच विरुद्ध असल्याचे जाहीर केले. काबूलमध्ये त्यांचे कोणी ऐकले नाही.

तख्तावरून आलेली सुधारणा

राजकीय इस्लाम थकला म्हणून उदारमतवाद आला असे मात्र नाही. त्याची जागा अनेक ठिकाणी राजे आणि लष्करशहा घेत आहेत, आणि आपणच 'मवाळ इस्लाम'चे प्रवक्ते असल्याचे सांगत आहेत. सौदी अरबस्तान हे याचे ठळक उदाहरण. एप्रिल २०१६ मध्ये धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार काढला गेला, २०१८ मध्ये चित्रपटगृहे उघडली, त्याच वर्षी जूनमध्ये बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या सौदी स्त्रियांचे प्रमाण काही वर्षांत एक पंचमांशावरून एक तृतीयांशाच्या वर गेले. रियाधमधल्या एखाद्या तरुण मुलीचे आयुष्य तिच्या आईच्या तुलनेत ओळखू न येण्याइतके बदलले आहे, आणि ही किरकोळ गोष्ट नाही.

तरी एक तपशील विसरता येत नाही. गाडी चालवण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडणारी लुजैन अल-हथलूल परवानगी मिळण्याच्या काही आठवडे आधी, मे २०१८ मध्ये, तुरुंगात टाकली गेली. लाखो अनुयायी असलेले धर्मोपदेशक सलमान अल-औदा २०१७पासून कैदेत आहेत. पत्रकार जमाल खशोगीचा ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत खून झाला. संदेश स्पष्ट आहे : हक्क मिळेल, मागायचा नाही. कालपर्यंत ज्या राजाच्या मर्जीने बायका घरात होत्या, त्याच्याच मर्जीने आज त्या बाहेर आहेत. मर्जी फिरली तर काय, याला कायद्यात किंवा समाजात कसलाच आधार उभा राहिलेला नाही.

मोरोक्कोचे उदाहरण शेजारी ठेवले की फरक कळतो. तिथेही राजाच 'श्रद्धावानांचा नेता' म्हणवतो. पण २००४ मध्ये कुटुंब कायदा बदलला, विवाहाचे वय अठरा केले, बहुपत्नीत्वावर कडक अटी घातल्या, त्यामागे १९९२पासून दहा लाख सह्यांची मोहीम चालवणाऱ्या स्त्रियांचे बळ होते. २००० साली बाजूने आणि विरोधात प्रचंड मोर्चे निघाले होते. राजाने अखेरीस कौल दिला, पण वाद चौकात झाला. न्यायाधीशांना दिलेल्या सवलतीतून बालविवाह पुढेही होत राहिले हे खरे. निदान त्याविरुद्ध बोलणाऱ्या संघटना तिथे जिवंत आहेत.

जकार्त्याची वाट

जगातला सर्वांत मोठा मुस्लिमबहुल देश इंडोनेशिया या चर्चेत बहुधा शेवटच्या परिच्छेदात येतो. तो आधी यायला हवा. १८ ऑगस्ट १९४५ रोजी, स्वातंत्र्याच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, तिथल्या नेत्यांनी मुसलमानांवर शरियत बंधनकारक करणारे शब्द घटनेच्या मसुद्यातून काढून टाकले. पूर्वेकडच्या बेटांवरचे ख्रिस्ती लोक फुटून निघू नयेत हा व्यवहारी विचार त्यामागे होता. राज्याचा पाया झाले ते 'पंचशील', ज्याला तिथे पंचसिला म्हणतात : एका ईश्वरावर श्रद्धा, पण कुठल्या एका धर्माचे राज्य नाही.

या रचनेला आधार दिला तो दोन अफाट संघटनांनी, मुहम्मदिया आणि नहदतुल उलेमा. पहिली १९१२ची, दुसरी १९२६ची. शाळा, मदरसे, रुग्णालये, विद्यापीठे यांचे त्यांचे जाळे सरकारी खात्यांना लाजवेल असे आहे. कोट्यवधी सदस्य असल्याने त्यांना कोणा राजाच्या किंवा तेलाच्या पैशाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. २०१९ मध्ये नहदतुल उलेमाच्या विद्वानांनी ठराव केला की आधुनिक राष्ट्रात मुसलमानेतर नागरिकांना 'काफिर' म्हणू नये, कारण ते समान नागरिक आहेत. २०१७ मध्ये चिरेबोन इथे स्त्री-उलेमांची परिषद भरली आणि तिने बालविवाहाविरुद्ध फतवा दिला. दोनच वर्षांत संसदेने मुलींच्या विवाहाचे किमान वय सोळावरून एकोणीस केले. धर्मशास्त्र शिकलेल्या बायका, घटनात्मक न्यायालय आणि निवडून आलेली संसद एकाच दिशेने चालल्यावर काय होते याचा हा नमुना.

याला स्वर्ग समजायचे कारण नाही. जकार्त्याचे ख्रिस्ती, चिनी वंशाचे गव्हर्नर अहोक यांना २०१७ मध्ये धर्मनिंदेच्या आरोपाखाली दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी लाखोंचे मोर्चे निघाले होते. आचे प्रांतात आजही चौकात फटके मारले जातात. अहमदिया आणि शिया गटांवर हल्ले झाले आहेत. पण तिथे हरलेला पक्ष पुढची निवडणूक लढवतो. कैरोत आणि ट्युनिसमध्ये हेच शक्य राहिलेले नाही.

सत्तेवाचूनचा इस्लाम

प्यूच्या २००९च्या अहवालानुसार जगातले सुमारे एक पंचमांश मुसलमान अल्पसंख्य म्हणून राहतात. जुने धर्मशास्त्र रचले गेले तेव्हा ते रचणाऱ्यांच्या हाती राज्य होते. राज्य हाती नसताना, दुसऱ्या धर्माच्या बहुसंख्येत, समान नागरिक म्हणून कसे राहायचे याचे तयार उत्तर त्यात नव्हते. हे उत्तर आता लोक जगून शोधत आहेत, आणि माझ्या मते या शतकातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग हाच आहे.

युरोपात २०१६ मध्ये मुसलमान ४.९ टक्के होते. स्थलांतर किती होईल त्यावर २०५०चा आकडा ७.४ ते १४ टक्क्यांमध्ये कुठेतरी असेल. युरोपचा इस्लामी कब्जा होणार ही ओरड या आकड्यांत बसत नाही. दुसरीकडे शिक्षक साम्युएल पाटी यांची २०२० मध्ये पॅरिसजवळ शिरच्छेद करून झालेली हत्या, आणि २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमधल्या मशिदींत एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने मारलेले ५१ जण, या दोन्ही घटना एकमेकींना खतपाणी घालतात. याच काळात सादिक खान लंडनचे महापौर म्हणून तीनदा निवडून आले. त्यांना मते देणाऱ्या लंडनकरांना बस, भाडे आणि घरांचे प्रश्न होते. संस्कृतींचा संघर्ष त्यांच्या यादीत नसावा.

उलट्या बाजूला चीनच्या शिनजियांगमधले उइघुर आणि म्यानमारचे रोहिंग्या आहेत. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. उइघुरांच्या छळछावण्यांबद्दल २०१९ मध्ये पाश्चात्त्य देशांनी चीनवर टीका केली, तेव्हा चीनची पाठराखण करणाऱ्या पत्रावर सौदी अरबस्तान आणि पाकिस्तान यांच्या सह्या होत्या. उम्मतीच्या, म्हणजे सगळ्या मुसलमानांच्या, ऐक्याची भाषा करणाऱ्यांनी हे पत्र अधूनमधून वाचावे.

भारतात २०११च्या जनगणनेनुसार १७ कोटींवर मुसलमान होते. एवढा मोठा अल्पसंख्य समाज, तोही प्रौढ मताधिकारासह, जगात दुसरीकडे नाही. त्यामुळे इथे इस्लामच्या आधुनिक अर्थाचा वाद फार आधी आणि फार सखोल झाला. इक्बालने १९३०च्या व्याख्यानसंग्रहात इज्तिहादचा, म्हणजे धर्मशास्त्राचा स्वतंत्र बुद्धीने अर्थ लावण्याचा, अधिकार निवडून आलेल्या सभेकडे असावा असे सुचवले. मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये संयुक्त राष्ट्रवादाची बाजू धर्मशास्त्राच्या आधाराने मांडली आणि फाळणीला विरोध केला. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात धर्म आणि कायदा यांची सरळ फारकत मागितली.

या वादाला सर्वांत धीट उत्तर मराठीत मिळाले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नावातच जोतीराव फुल्यांचा वारसा होता. दलवाईंचे म्हणणे मौलवींना बदला असे नव्हते. मुसलमानाने आधी नागरिक म्हणून विचार करावा असे होते. समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखे वागवले, आणि बहुसंख्याकांपैकी अनेकांनी त्यांचे अर्धेच बोलणे उचलले. हिंदू जमातवादावरची त्यांची टीका सोयीस्करपणे गाळली गेली. १९७७ मध्ये ते अवघ्या ४४व्या वर्षी वारले.

मोर्चातल्या सात बायकांची मागणी सर्वोच्च न्यायालयात पोहोचायला एकावन्न वर्षे लागली. २२ ऑगस्ट २०१७च्या निकालाने एका दमात दिलेला तलाक रद्द झाला. याचिका शायरा बानो आणि तिच्यासारख्या सामान्य मुसलमान स्त्रियांच्या होत्या, आणि भारतीय मुस्लिम महिला आंदोलनासारख्या संघटना कुराणाचाच आधार देऊन बोलत होत्या. त्यानंतर २०१९च्या कायद्याने अशा तलाकाला तुरुंगवासाची शिक्षा ठेवली. जो तलाक कायद्याने झालेलाच नाही त्याबद्दल नवऱ्याला तुरुंगात पाठवून बायकोचे पोट कसे भरणार, हा प्रश्न याच स्त्रियांपैकी काहींनी विचारला. इथे भारतीय सुधारकाची कोंडी दिसते. समाज असुरक्षित असेल तर तो परंपरेला घट्ट धरतो, आणि सुधारणेची भाषा राज्यकर्त्यांच्या तोंडी धमकीसारखी वाटू लागली की समाजातला सुधारक फितूर ठरतो. सच्चर समितीने २००६ मध्ये मुसलमानांच्या मागासलेपणाचे चित्र मांडले होते. त्यावर काम करणे हा सुधारणेचाच भाग आहे, हे आपल्या राजकारणाला अजून पटलेले नाही.

अधिकाराची फाटाफूट

सुन्नी इस्लामला पोप नाही हे सगळे सांगतात. पण उलेमांच्या परंपरेने, मदरशांच्या सनदांनी, काझींच्या नेमणुकांनी एक शिस्त शेकडो वर्षे टिकवली होती. छापखान्याने तिला पहिला तडा दिला. १९९६पासून अल-जझीरावर युसुफ अल-करदावी यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि एक मौलवी कोट्यवधी घरांत पोहोचला. आता मोबाइलवर पन्नास मौलवी एकमेकांना खोटे ठरवतात आणि मालेगाव किंवा मँचेस्टरचा मुलगा त्यांतून आपल्याला हवा तो फतवा उचलतो. सप्टेंबर २०१४ मध्ये शंभराहून अधिक विद्वानांनी बगदादीला जाहीर पत्र लिहून त्याचे दावे शास्त्राच्या आधारे खोडले. भरती होणाऱ्या पोरांनी ते वाचले असण्याची शक्यता कमीच.

याच फाटाफुटीने दुसरी दारेही उघडली. मार्च २००५ मध्ये न्यूयॉर्कला अमिना वदूद या विदुषीने स्त्री-पुरुषांच्या एकत्र नमाजाचे नेतृत्व केले. मलेशियातल्या 'सिस्टर्स इन इस्लाम'ने धर्मग्रंथाच्या आतून समतेचा युक्तिवाद उभा केला. ज्या मोकळीकीतून बगदादी निघाला तिच्यातूनच वदूदही निघाल्या. एक बंद करून दुसरे उघडे ठेवता येत नाही. पंथप्रमुखांना आणि सरकारांना हे कळते, म्हणून ते दोन्ही दारे बंद करू पाहतात.

जगातले स्थान

राज्यांच्या पातळीवर 'मुस्लिम जग' ही गोष्ट फारशी अस्तित्वात नाही. इस्लामी सहकार्य संघटनेचे ५७ सदस्य आहेत. १९६९ मध्ये अल-अक्सा मशिदीला आग लावली गेल्यावर ती स्थापन झाली. ठरावांपलीकडे तिचे काम क्वचित जाते. सौदी आणि इराण यांनी दशकानुदशके येमेनपासून लेबनॉनपर्यंत एकमेकांविरुद्ध माणसे झुंजवली आणि मार्च २०२३ मध्ये समेट केला तो बीजिंगमध्ये, एका निरीश्वरवादी पक्षाच्या देखरेखीखाली. अमिरात आणि बहरीनने २०२० मध्ये इस्रायलशी करार केले. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात जे घडले त्याने सामान्य मुसलमानांना जगभर एका वेदनेत जोडले, पण त्यांच्या सरकारांना एका कृतीत जोडले नाही. रस्ता आणि राजवाडा यांतले हे अंतर येत्या काळातल्या उद्रेकांचे एक कारण ठरू शकते.

आणखी एक संकट धर्मशास्त्राच्या चर्चेत क्वचित येते. जून २०२४च्या हजमध्ये मक्केत तापमान ५१ अंशांच्या वर गेले आणि १,३०० यात्रेकरू दगावले. त्यांतले बहुतेक अधिकृत परवान्याशिवाय आलेले गरीब लोक होते. २०२२च्या पुरात पाकिस्तानातले सव्वातीन कोटींहून अधिक लोक सापडले. बांगलादेशचा किनारा, साहेलमधला दुष्काळ, खचत चाललेले जकार्ता : तापणाऱ्या जगाच्या सर्वांत नाजूक पट्ट्यात मुसलमान फार मोठ्या संख्येने राहतात. पुढची मोठी स्थलांतरे धर्मापेक्षा पाण्यामुळे होतील आणि युरोप किंवा भारत त्यांच्याकडे धर्माच्याच चष्म्यातून पाहील, ही भीती खरी आहे.

कसोटी

मग भवितव्य कशावरून ओळखायचे? मशिदींची संख्या, बुरख्यांची संख्या, निवडणुकीतली मते यांवरून फार कळत नाही. मला एक कसोटी अधिक भरवशाची वाटते : असहमत मुसलमान कुठे सुखरूप राहतो? सुदानच्या महमूद मोहम्मद ताहा यांना जानेवारी १९८५ मध्ये फाशी दिले गेले, कारण त्यांनी कुराणातल्या मक्केच्या आणि मदिनेच्या संदेशांत फरक करून समतेचा अर्थ काढला. इजिप्तचे प्राध्यापक नसर अबू झैद यांना १९९५ मध्ये न्यायालयाने धर्मभ्रष्ट ठरवून त्यांचे लग्नच मोडीत काढले; नवराबायकोला देश सोडावा लागला. पाकिस्तानात जानेवारी २०११ मध्ये धर्मनिंदेच्या कायद्यावर टीका करणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने मारले आणि वकिलांनी मारेकऱ्यावर फुले उधळली. सुदानने २०२० मध्ये धर्मत्यागाची फाशी कायद्यातून काढली. त्याला तिथे लोकशाहीकडे जाणाऱ्या सरकारची गरज पडली. पुढच्याच वर्षी लष्कराने ते सरकार उलथवले आणि २०२३पासून देश यादवीत जळतो आहे.

ही कसोटी मुसलमानेतरांनाही लागू आहे, हे आपण भारतीयांनी विसरू नये. या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वाधिक मुसलमान आपल्याच देशात असतील, आणि त्यांच्यातला विचार करणारा माणूस एकीकडे जमातीच्या पंचांना आणि दुसरीकडे बहुसंख्याकांच्या संशयाला तोंड देत असेल. दोन्ही बाजूंना त्याची जबानी हवी असते ती आपल्या सोयीची. इंडोनेशियाच्या स्त्री-उलेमांना फतवा देता आला, कारण त्यांच्यामागे संघटना होती, वर संसद होती आणि उद्या आपले नागरिकत्व कोणी तपासेल अशी भीती नव्हती. या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतील तिथे इस्लामच्या वतीने बोलणारे आवाज वाढतील आणि कोणा एकाची मक्तेदारी टिकणार नाही. जिथे येणार नाहीत तिथे राजा, मुल्ला किंवा बंदूकधारी यांच्यापैकी कोणीतरी बोलत राहील, आणि आपण त्यालाच इस्लाम समजत राहू.